खेळाडूचा हंगाम



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळी विषय जरा निराळा आहे. रग्बी नावाच्या खेळाचा आणि तो खेळून पोट भरणाऱ्या माणसाचा. ऊस विकास अधिकाऱ्याला हे कुणी सांगितले, असे आपण म्हणाल. तर ते आमच्या भाच्याने सांगितले. आणि आपल्या गटागटांतून कबड्डीच्या मागे लागलेली इतकी पोरे आम्ही पाहतो, की ही गोष्ट घरापुरती ठेवणे आम्हाला बरे वाटले नाही.

आमचे मूळ गाव खालापूर तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. बहीण दिली आहे शेजारच्या कर्जत तालुक्यात. कर्जत म्हटले की आपल्या सभासदांना नगरकडचे कर्जत आठवते. ते हे नव्हे. हे घाटाखालचे, उल्हास नदीचे, मुंबईची लोकल जिथवर येते ते कर्जत. इथे उसाचे नाव नाही. भाताचे राज्य. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटलेले पाणी राजनाल्याच्या कालव्याने येते, त्यावर काही गावांत उन्हाळी भातही होते. खालापूरच्या बाजूला पाताळगंगा आणि तिच्या काठचे कारखाने. पोरे बारावी झाली की एक तर ठेकेदाराकडे कामाला लागतात, नाही तर पहाटेची लोकल धरतात. आणि रात्री सगळी कबड्डीच्या मैदानावर.

या भागातली कबड्डी पाहायची तर भात कापून झाल्यावर यावे. खाचर सपाट करायचे, माती चाळून टाकायची, पाणी मारायचे, चुन्याने रेषा आखायच्या, बांबूला दिवे बांधायचे, की झाली प्रकाशझोतातील भव्य कबड्डी स्पर्धा. गावोगावचे संघ टेम्पोत बसून येतात. रात्री नऊला सुरू झालेले सामने पहाटेपर्यंत चालतात. बायाबापड्या गोधडी घेऊन बसतात. आम्ही स्वतः कृषी पदविकेच्या शाळेत असताना डाव्या कोपऱ्याला खेळलो आहोत. त्यामुळे हे काही आम्ही परक्याच्या नजरेने लिहीत नाही.

तर २०२५ च्या जूनअखेरीस लावणीसाठी म्हणून दोन दिवसांची रजा काढून बहिणीकडे गेलो. पाहतो तो भाचा ओटीवर खाटेवर पडलेला. उजव्या गुडघ्याला पट्टा, पायाखाली उशी, हातात मोबाईल. बाहेर धो धो पाऊस, बाप एकटा चिखलणी करतोय, आणि हे वीस वर्षांचे पोर आत. चढाई करून परतताना तिघांनी मिळून पकड केली, पाय जमिनीत रुतलेला तसाच राहिला आणि अंग वळले. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. खर्च दीड-दोन लाख. ज्या मंडळाकडून तो खेळत होता त्यांनी पहिल्या दिवशी रिक्षाचे भाडे दिले. त्यानंतर कुणी फिरकले नाही.

बहिणीने आम्हाला मागीलदारी नेले आणि हळूच म्हणाली, "दादा, रस्त्याकडंची पाच गुंठं काढायची म्हणतायत हे. फार्महौसवाला एजंट दोनदा येऊन गेलाय. आपरेशनपण व्हईल नि पोराला पुण्यामुंबईला कुठं शिकायला ठेवता पण येईल. तू त्याच्याशी बोल. तुझं ऐकतो तो."

आम्ही ओटीवर आलो. "काय बघतोस रे?" म्हणून विचारले.

"मामा, रग्बी. अंधेरीला चाललीय. खोपोली लोकलनं दादरला उतरून पुढं गेलं की झालं. हे बघा, आपल्या कबड्डीसारखीच पकड आहे. मी बरा झालो ना, की हेच खेळणार. यात परदेशात पण घेतात."

आम्ही त्याला लगेच काही बोललो नाही. ज्याची माहिती नाही त्याच्यावर सल्ला देऊ नये, हे आम्ही शेतकऱ्यांकडूनच शिकलो. परत आल्यावर मात्र रग्बीविषयी जे मिळेल ते वाचले. ते असे.

रग्बीत एका बाजूला पंधरा गडी. चेंडू अंड्यासारखा लांबट. तो हातात घेऊन पळायचे, पण हाताने पुढे फेकायचा नाही. द्यायचा तर बाजूच्याला किंवा मागच्याला. समोरचे कंबरेला, पायाला मिठी मारून पाडणार. त्यांतून निसटून गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय' झाला, त्याचे पाच गुण. सामना ऐंशी मिनिटांचा. अंधेरीला चालली होती ती त्याच खेळाची धाकटी पाती, सात-सात गड्यांची. हीच २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. कबड्डीतही सात गडी, आणि निसटणे नि धरणे हाच दोन्हीकडचा जीव. तेव्हा पोराचे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

आता पैशाची गोष्ट. हा खेळ इंग्लंडातल्या रग्बी गावच्या शाळेवरून ओळखला जातो. आरंभी तो शिकलेल्या, खात्यापित्या घरच्या मुलांचा होता. पुढे उत्तर इंग्लंडातले गिरणी कामगार आणि कोळशाच्या खाणीतले मजूर तो खेळू लागले. शनिवारी सामना म्हणजे कामावर खाडा, आणि खाड्याची मजुरी बुडे. त्यांच्या क्लबांचे म्हणणे एवढेच होते, की निदान बुडालेली मजुरी तरी भरून द्यायला परवानगी असावी. लंडनच्या कारभाऱ्यांनी ती नाकारली. खेळ हा हौसेचा, त्यात पैसा येता कामा नये, असा त्यांचा बाणा. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावी बैठक घेऊन उत्तरेचे क्लब वेगळे झाले. त्यांचा खेळ पुढे 'रग्बी लीग' म्हणून वाढला. मूळच्या खेळाला 'रग्बी युनियन' म्हणतात. त्याने पैशाला दार बंद ठेवले ते ठेवलेच. ते दार उघडले २६ ऑगस्ट १९९५ रोजी, पॅरिसच्या बैठकीत. म्हणजे मजुराच्या खाड्याचा प्रश्न सुटायला शंभर वर्षे लागली! मधल्या काळात कितीतरी नामांकित खेळाडू आठवडाभर पोटाचा धंदा करून शनिवारी देशासाठी खेळले.

आपल्या कबड्डीचेही निराळे नव्हते. देशाच्या संघटनेच्या नावातच 'अमॅच्युअर' म्हणजे हौशी हा शब्द होता. खेळाडूला पैसे नसत, पण नोकरी असे. रेल्वे, पोलीस, बँका, मोठमोठ्या कंपन्या आपापले संघ ठेवीत आणि खेळाडूला कामावर घेत. खेळ संपला तरी पगार आणि निवृत्तीचा आधार राहत असे. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडेल.

१९९५ नंतर रग्बीत पैसा आला. करार आले, दूरचित्रवाणी आली, परदेशी क्लबांची बोलावणी आली. त्या सुमाराचा सर्वांत मोठा गडी म्हणजे न्यूझीलंडचा जोना लोमू. आईबाप टोंगा बेटांवरून आलेले, जन्म ऑकलंडचा. उंची सुमारे साडेसहा फूट, वजन एकशेवीस किलोच्या घरात, आणि धाव हरणाची. १९९४ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना तो देशाच्या संघात आला. १९९५ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात केप टाऊनला त्याने इंग्लंडविरुद्ध एकट्याने चार ट्राय केले. अडवायला आलेले गडी त्याने अंगावरून तुडवत नेले. सगळे जग त्या दिवशी हा खेळ पाहू लागले, असे म्हणतात.

आणि त्याच वर्षअखेर कळले, की या धिप्पाड माणसाच्या मूत्रपिंडांना आजार आहे. तशाच अंगाने तो १९९९ चा विश्वचषक खेळला, तिथे आणखी आठ ट्राय केले. २००२ नंतर देशासाठी खेळणे थांबले. २००४ मध्ये मूत्रपिंड बदलले. १८ नोव्हेंबर २०१५ रोजी तो गेला. वय अवघे चाळीस. आजार खेळामुळे झाला असे कुणी म्हणत नाही. पण ज्या शरीरावर सगळा डोलारा उभा, ते शरीर कुणाच्याच मालकीचे नसते, एवढे त्यातून दिसते.

दुसरे उदाहरण इंग्लंडच्या स्टीव्ह थॉम्पसन यांचे. २००३ साली इंग्लंडने सिडनीला ऑस्ट्रेलियाला २०-१७ हरवून विश्वचषक जिंकला, त्या संघात ते पहिल्या फळीत मधोमध होते. दोन्हीकडच्या आठ-आठ गड्यांनी खांद्याला खांदा, डोक्याला डोके लावून रेटायचे, त्याला स्क्रम म्हणतात. ती जागा त्यांची. २०२० च्या डिसेंबरात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी जाहीर केले की आपल्याला स्मृतिभ्रंश झाला आहे आणि विश्वचषक जिंकलेला तो सामना आपल्याला मुळीच आठवत नाही. वर्षानुवर्षे डोक्याला बसलेल्या धक्क्यांचा हा परिणाम, असे म्हणून त्यांनी आणि इतर माजी खेळाडूंनी खेळाच्या संस्थांवर दावा लावला. ज्या दिवसासाठी माणूस जन्मभर घाम गाळतो, तो दिवसच आठवणीतून पुसला जावा, यापरते दुःख कोणते?

आणि ज्या क्लबांच्या भरवशावर करार होतात, ते तरी पक्के असतात का? २०२२ च्या हंगामात इंग्लंडच्या वरच्या गटातले वुस्टर आणि वॉस्प्स हे दोन क्लब कर्जाखाली कोलमडले. २०२३ च्या जूनमध्ये लंडन आयरिश गेला. खेळाडू, शिकवणारे, मैदान राखणारे, सगळे एका रात्रीत रिकामे. मध्येच बॉयलर बंद पडलेला साखर कारखाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

आता आपल्याकडे या. रग्बी भारतात नवी नाही. कलकत्त्याला साहेब लोकांचा क्लब १८७३ मध्ये निघाला. तो बंद करताना त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढले, वितळवून त्याचा चषक घडवला आणि इंग्लंडला दिला. नागाच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या कलकत्ता चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून खेळत आले. खेळ तिकडे गेला, चांदी आपली गेली! मुंबईत जिमखान्यावर तो टिकून राहिला. चित्रपटातले राहुल बोस आपण पाहिले असतील. १९९८ मध्ये भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला, त्यात ते होते. पुढे २०२१ मध्ये ते राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. पण खेळताना त्यांचे घर रग्बीवर चालत नव्हते, अभिनयावर चालत होते. पुण्याच्या वहबीझ भरुचा यांनी भारताच्या महिला संघाचे कर्णधारपद भूषवले. २०१९ च्या जूनमध्ये आपल्या महिलांनी पंधरा गड्यांच्या रग्बीत सिंगापूरला २१-१९ असे हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. या भरुचाबाईंचा व्यवसाय कोणता, तर फिजिओथेरपिस्टचा, म्हणजे दुखावलेले सांधे आणि स्नायू व्यायामाने पूर्ववत करण्याचा. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटली.

भाचा जी पाहत होता ती रग्बी प्रीमियर लीग १५ ते २९ जून २०२५ या काळात अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात झाली. सहा संघ, परदेशातले नावाजलेले गडी आणि त्यांच्या जोडीला आपली मुले. अंतिम सामन्यात चेन्नईने दिल्लीला हरवले. त्यासाठी झालेल्या लिलावात भारतीय खेळाडूला लागलेली सर्वांत मोठी बोली होती पावणेपाच लाखांची, मोहित खत्री यांच्यावर. ही सगळ्यांत वरच्याची. बाकीचे त्याच्या खाली. पंधरा दिवसांच्या खेळाला हे वाईट नाही, पण त्यावर वर्ष निघत नाही. आणि देशातली ही पहिलीच अशी स्पर्धा. यावर पाच गुंठे जमीन लावायची का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

"मग मामा, कबड्डीत तरी पैसा आहे ना?" भाच्याने फोनवर विचारले. आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ मध्ये ती अडीच कोटींच्या पुढे गेली. पण वरचा आकडा पाहून लागवड करायची नसते. एकरी शंभर टन काढणाऱ्या शेतकऱ्याचा फोटो आपण याच अंकात छापतो, म्हणून सगळ्यांचे शंभर टन निघत नाहीत. तेव्हा एकाच गड्याचा सात वर्षांचा हिशेब पाहू, आणि तोही ऊसवाल्या जिल्ह्यातल्या.

कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुका आहे. तिथल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई. भाऊ सूरज, तोही चढाईपटू. २०१८ च्या लिलावात सिद्धार्थला यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण मिळवले. लोक त्याला बाहुबली म्हणू लागले. २०१९ ला तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. त्याही हंगामात दोनशेवर गुण. भाऊही त्याच संघात. २०२० मध्ये कोरोनामुळे स्पर्धाच झाली नाही. एक हंगाम वाया. २०२१ ला पुन्हा त्याच संघात, १ कोटी ३० लाख. पण मोजके सामने झाले आणि दुखापतीने त्याला बाहेर बसावे लागले. २०२२ ला त्याच संघाने त्याला घेतले, पण किती? २० लाखांना. सव्वा कोटीचा गडी एका दुखापतीत वीस लाखांवर. गडी मात्र चिवट. पुन्हा उभा राहिला, खेळला, आणि २०२३ ला हरियाणा स्टीलर्सने १ कोटी मोजले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अंतिम सामना झाला, त्यात हरियाणा पुणेरी पलटणकडून २८-२५ असे हरले. पुढच्या लिलावात दिल्लीने त्याला घेतले २६ लाखांना.

हे आकडे आम्ही कागदावर ओळीने लिहिले: ३६ लाख, १ कोटी ४५, शून्य, १ कोटी ३०, २० लाख, १ कोटी, २६ लाख. आणि शेजारी आपल्या उसाचा दर लिहिला. आपण दरावरून कितीही भांडलो तरी उसाला कायद्याने ठरलेला किमान भाव आहे. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. तो मोडला तर जाब विचारता येतो. खेळाडूला लिलावात मूळ किंमत असते, पण बोलीच लागली नाही तर ती कागदावरच राहते. पाऊस कमी झाला तर ऊस उभा राहतो, थोडा हलका भरतो. गुडघा गेला तर गडी उभा राहत नाही. हे एका यशस्वी माणसाचे सांगतो आहोत, ज्याने मिळवले आणि पडूनही पुन्हा मिळवले, त्याला आमचा नमस्कार. पण त्याच्यामागे त्याच मैदानावर घाम गाळणारी शेकडो पोरे असतात, ज्यांचे नाव कोणत्याच यादीत येत नाही.

म्हणजे पोरांनी खेळू नये का? तसे आम्ही म्हणणार नाही. कबड्डीच्या मैदानाने आमच्या कर्जत-खालापूरच्या किती पोरांना दारूपासून आणि चकाट्यांपासून वाचवले, ते आम्ही पाहिले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की खेळाडूचा हंगाम उसासारखा ओळखावा. विशी ते तिशी, चांगला निघाला तर आठ-दहा गाळप हंगाम, त्यातही एखादा दुखण्यात जाणार. एका पिकावर सगळे रान लावायचे नसते, हे आपण आडसालीत भुईमूग घेणाऱ्यांना वेगळे काय सांगावे? खेळ हे मुख्य पीक धरले तरी आंतरपीक हवेच.

ज्यांच्या घरी खेळणारी पोरे-पोरी आहेत त्यांच्यासाठी, आमच्या अल्पमतीने, चार गोष्टी:

एक, शाळा-कॉलेज सोडू देऊ नका. राज्यात शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण नोकरीला लागणारे शिक्षण नसेल तर ते प्रमाणपत्र पेटीतच राहते.

दोन, प्रमाणपत्रे नीट सांभाळा. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतलेच धरले जाते आणि क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी होते. गावच्या चषकाचा फोटो चालत नाही. कुणी पैसे घेऊन दाखला आणून देतो म्हणाला, तर त्याला वेशीबाहेर पोचवा. खोटे दाखले सापडून लागलेल्या नोकऱ्या गेल्याची उदाहरणे आहेत.

तीन, मंडळाकडून खेळण्याआधी विचारा, की दुखापत झाली तर खर्च कोणाचा? विमा आहे का? चषकाला हजारो रुपये खर्चणाऱ्या मंडळाला गड्यांचा विमा जड नसतो, तो कुणी मागत नाही म्हणून उतरवला जात नाही. आपल्या गटांतल्या स्पर्धांनाही हेच लागू आहे, आणि हे आम्ही आमच्याच लोकांना सांगतो आहोत.

चार, डोक्याला मार लागला आणि पोराला गरगरले, उलटी झाली, काही आठवेना, तर त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नका, डॉक्टरला दाखवा. पाणी मारून उभा केला म्हणजे बरा झाला, हे खरे नव्हे. रग्बीवाले आता असा गडी बाहेर काढतात. ते शहाणपण त्यांना फार महागात पडून आले आहे.

आता भाच्याचे सांगून थांबतो. जमीन विकली नाही. तशी पाळी आली नाही असे नव्हे. आम्ही मेव्हण्यांना एवढेच म्हणालो, "दाजी, गुडघा परत बसेल, रस्त्याकडची पाच गुंठे परत बसणार नाहीत." थोडे त्यांनी उभे केले, थोडे आम्ही दिले, थोडे पतपेढीचे काढले. ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी नऊ महिने मैदान बंद सांगितले. पहिले दोन महिने पोराने घर डोक्यावर घेतले. मग सांगितलेले व्यायाम करायला लागला, कारण दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

त्या दिवसांत एकदा आम्ही त्याला खोडव्याची गोष्ट सांगितली. ऊस तुटून गेला की शेत मेल्यासारखे दिसते. पण बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट कुजू दिले, नांग्या भरल्या, पाणी वेळेवर दिले, तर त्याच मुळांवर दुसरे पीक येते. दुर्लक्ष केले तर तेच शेत ओसाड. तो हसला आणि म्हणाला, "मामा, तुम्हाला सगळीकडं ऊसच दिसतो."

भाताच्या कापणीनंतर, सामने सुरू झाले तेव्हा आम्ही पुन्हा गेलो होतो. मंडळाचे खेळाडू अंगाला माती लावत होते आणि आमचे भाचेबुवा टेबलावर गुणलेखकाच्या जागी वही घेऊन बसलेले. कॉलेजचे दुसरे वर्ष पुन्हा सुरू केले आहे. आणि पंचांची परीक्षा द्यायची म्हणतो. रग्बीचे नाव निघत नाही असे नाही, पण आता तो "बघू, गुडघा काय म्हणतो" असे म्हणतो.

सामना मध्यावर आला असताना एक पोरगा पकडीत पडला आणि डोके धरून बसला. लोक ओरडत होते, "ऊठ रे, काही नाही झालेलं." भाचा टेबलावरून उठला, लंगडत पंचांकडे गेला आणि काहीतरी बोलला. पंचांनी त्या पोराला बाहेर काढले. मंडळवाले चिडले. सामना ते दोन गुणांनी हरले.

बहीण आमच्या शेजारीच गोधडीवर बसली होती. ती काही बोलली नाही. डब्यातली भाकरी काढून तिने आधी त्या बाहेर बसलेल्या पोराला नेऊन दिली.